अकरा मीटर चाळीस

“गाडीचा वेग किती होता, गर्जे?”

“चाळीस,” मी म्हणालो.

कुलथे सरांनी ते कागदावर लिहून घेतलं. सर आमच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांचं अक्षर सुरेख, पण त्या दिवशी पेन कागदात रुतत होतं. खिडकीपाशी बागवान मॅडम उभ्या होत्या. त्या नववी-दहावीला विज्ञान शिकवायच्या आणि रोज माझ्याच गाडीने शाळेत यायच्या. अपघाताच्या दिवशी मात्र त्या रजेवर होत्या.

“मामा,” त्या म्हणाल्या, “गाडीचा काटा तर गणपतीपासून शून्यावर पडलाय. चाळीस कशावरून?”

“अंदाज असतो, मॅडम. बावीस वर्षं झाली स्टिअरिंग धरून.”

सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी खाली सही केली. भागवत रामभाऊ गर्जे, चालक.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या नोव्हेंबरातली. आमच्या संस्थेची एकच बस होती. सकाळी सात वस्त्या फिरून मी बत्तीस पोरं शाळेत आणायचो. त्या सोमवारी कासारफाट्याच्या अलीकडे, सपाट सरळ रस्त्यावर, डाव्या हाताच्या गाडीवाटेतून एक एम-एटी मोपेड एकदम रस्त्यावर आली. मागे दुधाच्या दोन किटल्या. मी ब्रेकवर उभाच राहिलो. चाकं जाम झाली, गाडी घसरत गेली आणि थांबता थांबता एम-एटीला धडकली. दूध सगळ्या रस्त्यावर सांडलं. गाडीतली पोरं पुढच्या सीटांवर आपटली. नववीतल्या सुवर्णा दराडेची हनुवटी फुटली, चार टाके पडले.

एम-एटीवर रंगनाथ पालवे होते, पंचावन्न-साठीचे, मुंगूसवाड्याचे दूधवाले. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार लागला. दोन दिवस ते शुद्धीवर नव्हते.

मंगळवारी पालकांनी शाळेला वेढा घातला. सगळ्यांत पुढे सुवर्णाचे वडील, महादेव दराडे. त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि आवाज बाजार समितीत कमावलेला.

“पोरी सीटवरून उडाल्या,” ते म्हणाले. “गाडी सत्तरच्या खाली असेल तर मी मिशी काढीन. हा माणूस उद्या पोरांना दरीत घालील.”

पोरांना विचारलं तर पोरंही म्हणाली, गाडी खूप जोरात होती, आम्ही फेकलो गेलो. संस्थेचा नियम पन्नासचा होता. शनिवारी समिती बसणार, मला कामावरून काढणार आणि तसं पोलिसांना लिहून देणार, हे शिपायालासुद्धा माहीत होतं.

सही करून मी बाहेर आलो तर मॅडम मागोमाग आल्या. पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला थांबवलं.

“मामा, मला खरं सांगा. वेग माहीत आहे की नाही?”

मी टाकीच्या तोटीकडे पाहत राहिलो. त्या सोमवारी मी दहा मिनिटं उशिरा निघालो होतो. पहाटे चाक पंक्चर निघालं, ते बदलण्यात वेळ गेला. दहावीची सराव परीक्षा होती. दोन वस्त्यांवर पोरं घाई करा म्हणाली होती. ती दहा मिनिटं मी भरून काढत होतो का? मला सांगता येत नव्हतं. दोन रात्री मी डोळे मिटून तो रस्ता पुन्हा पुन्हा चालवला होता आणि दर वेळी गाडी आदल्या वेळेपेक्षा जोरात धावत होती.

“नाही माहीत,” मी म्हणालो.

“कळून घ्यायचंय?”

“आता कसं कळणार?”

“रस्त्यावर चाकांच्या खुणा आहेत. मी काल संध्याकाळी मोजून आले. मागच्या डाव्या चाकाची खूण अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. गाडीने तेवढ्या अंतरात दम सोडला. जेवढा वेग जास्त, तेवढी खूण लांब. तीच गाडी, तोच रस्ता, माहीत असलेला वेग, आणि पुन्हा तसाच ब्रेक मारायचा. मग दोन्ही खुणा शेजारी ठेवून बघायच्या.”

“आणि वेग जास्त निघाला तर?”

“तर जास्त निघाला असं मी सगळ्यांसमोर सांगेन.” मॅडमनी पदर खांद्यावर नीट घेतला. “मी तुमची वकील नाही, मामा. मला फक्त मोजता येतं. म्हणून आधी विचारतेय.”

मी दुसऱ्या दिवशी सांगतो म्हणालो.

त्या दुपारी मी नगरला गेलो. पालवे शुद्धीवर आल्याचं कळलं होतं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. ओसरीत त्यांची बायको बसली होती, मांडीवर डबा, नजर जमिनीला. मला ती ओळखत नव्हती, पण मी ओळखलं. पंधरा मिनिटं उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा राहिलो आणि परत फिरलो. जाऊन सांगणार काय? चाळीसवर होतो?

घरी आलो. चंद्रकलाने ताट वाढलं. मी भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

“भीती नोकरीची आहे का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“माझ्यामुळे झालं असेल तर.”

ती म्हणाली, “त्या मॅडमला हो म्हणा. असं रोज ताटावरून उठण्यापेक्षा ते बरं.”

कुलथे सरांना मॅडमनी कसं पटवलं कोण जाणे. दराडेंना मात्र त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं. दराडे म्हणाले, रिकामी गाडी चटकन थांबते, ती चलाखी आम्हाला कळते. मॅडम म्हणाल्या, ओझ्याने खुणेत फार फरक पडत नाही, पण तुमची शंका रास्त आहे, बत्तीस पोरांच्या वजनाची पोती तुम्हीच भरा. दराडेंनी खरंच शनिवारी सकाळी स्वतःच्या दुकानातून पन्नास-पन्नास किलोची पंचवीस पोती ज्वारी आणून सीटांवर ठेवली आणि दोरीने बांधली. स्वतः मोजून.

शुक्रवारी दुपारी, शाळेच्या मागच्या रस्त्यावर, मॅडमनी मला सराव करायला लावला. नववीच्या मुलींनी रस्त्यावर चुन्याच्या दोन रेषा मारल्या, बरोबर पन्नास मीटरच्या अंतरावर. पहिल्या रेषेवर एकीच्या हातात लाल रुमाल. दुसऱ्या रेषेवर सुवर्णा, हनुवटीला पट्टी आणि हातात खेळाच्या सामानातलं स्टॉपवॉच. पुढचं चाक पहिल्या रेषेवर आलं की रुमाल खाली पडायचा, घड्याळ सुरू. दुसऱ्या रेषेवर आलं की बंद.

“चाळीसने या,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला चाळीस वाटतं तसं.”

अपघातानंतर मी पहिल्यांदा स्टिअरिंगला हात लावत होतो. गाडी नेहमीच्या गिअरला टाकली, इंजिनाचा नेहमीचा आवाज कानात भरला आणि बावीस वर्षांच्या अंदाजाने चाळीसवर आणली. रेषा पार करून पुढे जाऊन थांबलो.

सुवर्णाने आकडा वाचला. “तीन पूर्णांक चार सेकंद.”

मॅडमनी वहीत हिशेब केला आणि वही मला दाखवली. त्रेपन्न.

“पुन्हा येतो,” मी म्हणालो.

पुन्हा आलो. बावन्न. तिसऱ्यांदा चोपन्न.

मी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरलो. माझं चाळीस म्हणजे त्रेपन्न होतं. मग सोमवारी, दहा मिनिटं उशीर झालेला असताना, मी किती होतो? साठ? दराडेंचे सत्तर खरे असतील का?

“मॅडम,” मी म्हणालो, “उद्याचं राहू द्या. मला समजलं.”

“काय समजलं?”

“मी जोरात होतो.”

“हे तुम्हाला आज वाटतंय. परवा तुम्हाला चाळीस वाटत होतं. दोन्ही वाटणंच.” त्या आवाज न चढवता बोलत होत्या. “आज रिकामी गाडी, घाबरलेला माणूस. त्या दिवशी पोरं होती गाडीत. माणसाचा अंदाज फिरतो, मामा. खूण फिरत नाही. ती अकरा चाळीसच आहे.”

मग त्यांनी मला तासभर तेवढ्याच रस्त्यावर फिरवलं. सुवर्णा आकडे ओरडायची आणि मी आवाजावरून वेग शिकत होतो, नवशिक्यासारखा. संध्याकाळपर्यंत चार सेकंदांवर, म्हणजे पंचेचाळीसवर, गाडी जवळजवळ हमखास यायला लागली.

शनिवारी शाळा सकाळची. अकरा वाजता कासारफाट्याला पन्नास-साठ माणसं जमली. समितीचे तिघं, पालक, नववीचा वर्ग, आणि दोन्ही बाजूंची वाहनं अडवायला एक हवालदार. जुन्या खुणा फिकट झाल्या होत्या, पण मॅडमनी त्यांच्या दोन्ही टोकांना आधीच रंग मारून ठेवला होता. त्यांच्याच बाजूला, रस्त्याच्या मोकळ्या अंगाला मला थांबायचं होतं. तिथे चुन्याच्या दोन रेषा, दुसऱ्या रेषेनंतर पंधरा पावलांवर लाल झेंडी. झेंडीपाशी ब्रेक.

सुरुवातीला मॅडमनी टेपचं टोक जुन्या खुणेच्या आरंभाला धरायला लावलं आणि दुसरं टोक घेऊन चालत निघाल्या. अकरा मीटर चाळीसला थांबल्या. मग पुढे चालत राहिल्या. एका बाभळीपाशी पोचल्या तेव्हा वळून म्हणाल्या, “वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. गाडी सत्तरवर असती तर खूण साधारण इथपर्यंत यायला हवी. पण हे माझ्या वहीतलं गणित आहे. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. गाडी काय सांगते ते बघा.”

दराडे हाताची घडी घालून उभे होते.

मी गाडीत चढलो. मागे ज्वारीची पोती गपगार बसलेली. आरशात ती दिसली आणि मी आरसा वाकडा केला.

गाडी लांबून घेतली. वेग धरला. पहिल्या रेषेवर रुमाल पडलेला दिसला. आवाज तोच होता, काल शिकलेला, पंचेचाळीसचा. दुसरी रेषा गेली.

आता जे सांगतोय ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसरी रेषा आणि झेंडी यांच्यामध्ये पंधरा पावलं होती. तेवढ्यात कुणाचंच घड्याळ चालत नव्हतं. ब्रेकच्या आधी तेवढ्या जागेत मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता तर नवी खूण लांब आली असती. वहीत मात्र पंचेचाळीसच लिहिलं गेलं असतं. पंचेचाळीसला खूण एवढी लांब, मग सोमवारची आखूड खूण म्हणजे गाडी किती हळू असेल, असंच सगळ्यांनी मानलं असतं. हे मला आदल्या संध्याकाळीच सुचलं होतं. रात्रभर मी ते मनात घोळवलं होतं. उजवा पाय पेडलवर होता आणि तो खाली जायला बघत होता.

मला पालव्यांची बायको दिसली, मांडीवर डबा घेऊन बसलेली. समितीला फसवून झालं असतं. दवाखान्याच्या फाटकात मात्र मी पुन्हा तसाच उभा राहिलो असतो, काहीच माहीत नसलेला.

मी पाय तसाच ठेवला. झेंडी आली. ब्रेकवर उभा राहिलो.

चाकं किंचाळली. पोती सगळी एकदम पुढे सरकली, दोरी तटकन तुटली, एक पोतं माझ्या सीटमागे येऊन आदळलं आणि फुटलं. ज्वारी पायाशी सांडली. गाडी थांबली. जळक्या रबराचा वास आला.

मला उतरता येईना. बाहेर मुली वाकून टेप लावत होत्या. कुणीतरी आकडा म्हणालं, दुसऱ्या कुणीतरी पुन्हा मोजायला सांगितलं. मॅडमच असणार.

मग दारात सुवर्णा आली.

“मामा, वेळ चार सेकंद. खूण बारा मीटर तीस.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या दिवशीची खूण याच्यापेक्षा आखूड आहे.” तिला बोलताना टाके ओढत होते, त्यामुळे ती हळूहळू बोलत होती. “म्हणजे त्या दिवशी तुम्ही पंचेचाळीसपेक्षा हळू होता, मामा.”

मी मान डोलावली. मला एवढंच आठवतं की स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि हॉर्न वाजला, तेव्हा बाहेरची माणसं दचकली.

मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं म्हणाल्या. पोती पुन्हा बांधली. दुसऱ्या फेरीत वेग त्रेचाळीसच्या आसपास आला, खूण अकरा दहा. तिसऱ्यांदा मुद्दाम पन्नासने आणवलं. खूण पंधरा मीटरच्या वर गेली. तीन ताज्या काळ्या पट्ट्या आणि त्यांच्या शेजारी ती जुनी, फिकट. गणित न येणाऱ्यालाही दिसत होतं.

“त्रेचाळीस-चव्वेचाळीस,” मॅडम समितीला म्हणाल्या. “मोजण्यात चुका धरल्या तर बेचाळीस ते शेहेचाळीस. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. पन्नास मात्र नक्की नाही.”

“मग पोरी उडाल्या कशा?” दराडेंनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“पोरी उडाल्या नाहीत. गाडी थांबली आणि पोरी आपल्या वेगाने पुढे जात राहिल्या.” मॅडमनी गाडीच्या दाराकडे बोट दाखवलं. “तुमची ज्वारी बघा. पंचेचाळीसलाच दोरी तोडून आलीय.”

दराडे पायरीवर चढले, आत वाकून फुटलेल्या पोत्याकडे बघत राहिले. मग उतरून मुलीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

कुलथे सर कागद काढून म्हणाले, “ठीक. चालकाचा जबाब चाळीस आहे, मोजणीत साधारण तेच आलं. विषय मिटला.”

“सर,” मी म्हणालो, “तो जबाब खोडा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“चाळीस मी ठोकून दिलं होतं. मला वेग माहीत नव्हता. काटा बंद होता, मी निघालो होतो उशिरा. घाईत होतो. मी किती होतो ते मला आत्ता कळलं, तुमच्याबरोबरच.”

सर चष्मा काढून पुसत राहिले. समितीतले एक जण काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात दराडे म्हणाले, “सत्तर तरी मी कुठे मोजले होते?” आणि मग, “काटा दुरुस्त करून घ्या सर. सोमवारच्या आत. माझी पोर त्याच गाडीने येणार आहे.”

जबाब बदलला. काटा बंद असल्याचं न सांगता दोन महिने तशी गाडी चालवली म्हणून मला आठ दिवसांची बिनपगारी रजा झाली. ती माझी चूकच होती. नोकरी राहिली. पोलिसांकडेही मॅडमच्या वहीची नक्कल गेली.

मी घरी न जाता तसाच नगरची गाडी धरली. दवाखान्याच्या फाटकात या वेळी थांबलो नाही. ओसरीत बाई बसली होतीच.

“मी भागवत गर्जे,” मी म्हणालो. “बसचा ड्रायव्हर.”

तिने वर पाहिलं. ती ओरडेल, निघून जा म्हणेल, असं मला वाटलं होतं. तिने डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, “चार दिवस झाले, ते तुमचीच वाट बघतायत. निरोप कुणाकडे द्यायचा ते कळत नव्हतं.”

पालवे खाटेवर पाय टांगून पडले होते. डोक्याला पट्टी. मला बघून उठायला गेले, बायकोने खांद्याला धरून आडवं केलं.

मी येताना वाटेत सगळं ठरवलं होतं. वेग, खुणा, आकडे. तोंड उघडलं, तर तेच आधी बोलले.

“पोरांना किती लागलं?”

“एकीला टाके. बाकी सगळी बरी आहेत.”

“टाके कुठं?”

“हनुवटीला. कालपासून शाळेत येतेय. आज दिवसभर माझ्याबरोबरच होती.”

“बाकी कुणी? खरं सांगा. मला हे कुणी सांगतच नाहीत. डॉक्टर म्हणतात तुम्ही आराम करा. मला वाटलं, सांगत नाहीत म्हणजे... किटलीचं झाकण निघालं होतं हो. एका हाताने ते धरून मी वळलो. रस्त्याकडे बघितलंच नाही. बघितलंच नाही मी.”

“बत्तीसच्या बत्तीस पोरं धडधाकट आहेत,” मी म्हणालो. “आणि मी पंचेचाळीसच्या आत होतो. आजच कळलं.”

त्यांनी डोळ्यांवर आडवा हात घेतला. मी खाटेच्या कडेला बसलो. बाईने डब्याचं झाकण काढलं, त्याच झाकणात भाकरीचे दोन तुकडे नि वांग्याची भाजी घातली आणि माझ्यासमोर धरली.

“घ्या भाऊ,” ती म्हणाली. “यांनीही शुद्धीवर आल्यापासून नीट खाल्लं नाही. तुम्ही खाल्लं तर खातील.”

मी घास घेतला. पालव्यांनी डोळ्यांवरचा हात काढला आणि बायकोपुढे केला.